बडीवर हसावे का? ‘फंकी विंकरबीन’ आणि सर्व्हिस डॉगचे कथानक

अ‍ॅक्रनकर (धागाकर्ता)

टॉम बॅटिक यांची ‘फंकी विंकरबीन’ ही चित्रमालिका २७ मार्च १९७२ रोजी अमेरिकेतील वृत्तपत्रांत सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०२२ रोजी थांबली. ओहायो राज्यातील वेस्टव्ह्यू या काल्पनिक गावात ती घडते, आणि बॅटिक मूळचे अ‍ॅक्रनचे असल्यामुळे आमच्या भागात ती जरा जास्तच आपुलकीने वाचली जात असे. सुरुवातीची वीस वर्षे ती शाळेतल्या गमतीजमतींची मालिका होती. पुढे बॅटिक यांनी पात्रांना मोठे केले, १९९२ आणि २००७ साली कथेचा काळ एकदम पुढे नेला आणि व्यसन, कर्करोग, युद्ध असे विषय रोजच्या तीन-चार चौकटींत आणले. लिसा या पात्राच्या स्तनाच्या कर्करोगाच्या कथेमुळे २००८ साली त्यांचे नाव पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होते. म्हणजे ज्या कथानकाविषयी मला लिहायचे आहे, ते कुठल्या किरकोळ मालिकेतले नाही.

वॉली विंकरबीनची कथा थोडक्यात अशी. त्याने तरुणपणी दारू पिऊन गाडी चालवली आणि अपघातात बेकीला एक हात गमवावा लागला. पुढे दोघांचे लग्न झाले, वॉली सैन्यात गेला, युद्धकैदी झाला, तो मरण पावला असे सर्वांनी धरून चालले आणि तो जिवंत परतला तेव्हा बेकीने जॉनशी लग्न केलेले होते. वॉलीला पीटीएसडी, म्हणजे भीषण आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार, जडला. गर्दी, आवाज आणि माणसे यांना बिचकणाऱ्या या माजी सैनिकाच्या आयुष्यात मग बडी नावाचा सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंगत्व असलेल्या माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा, येतो. बडीच्या सोबतीने वॉली कॉलेजात जातो, मॉन्टोनीज या पिझ्झाच्या दुकानात काम करतो आणि कालांतराने रेचेलशी लग्न करतो.

या कथानकाची वाचकांनी भरपूर थट्टा केली आणि त्या थट्टेत मीही सामील होतो. ‘वेस्टव्ह्यूतले एकंदर दुःख पाहता एक कुत्रा पुरणार नाही, नगरपालिकेने घरटी एक द्यावा,’ असे मी एकदा लिहिले होते. ‘सगळी माणसे कपाळाला आठ्या घालून बोलत आहेत आणि बडी झोपला आहे; परिस्थितीचे अचूक आकलन त्या एकट्यालाच झाले आहे,’ हेही माझेच. अशा विनोदांवर काही वाचक रागावतात. माजी सैनिकाच्या जखमेवर आणि मुक्या प्राण्यावर हसणे हीन आहे, असे त्यांचे म्हणणे असते. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे नीट मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्या थट्टेचा रोख वॉलीवर नसतो, बडीवर तर नसतोच. तो असतो कथा सांगण्याच्या घाईवर. सर्व्हिस डॉगची किंमत त्याला शिकवलेल्या ठरावीक कामांत असते. दुःस्वप्नात तडफडणाऱ्या माणसाला तो नाकाने ढोसून जागे करतो, खोलीतला दिवा लावतो, रांगेत उभे असताना मालकाच्या पाठीशी आडवा उभा राहून मागच्या माणसाला अंतरावर ठेवतो, भीतीचा झटका आला की मांडीवर स्वतःचे वजन टाकून बसतो. ही कामे चित्रात दाखवण्यासारखी आहेत. दिवसाला तीन चौकटी मिळणाऱ्या चित्रकाराला तर हे घबाडच आहे, कारण यातले एकेक काम तीन चौकटींत चपखल बसते. पण मला वाचक म्हणून जो बडी आठवतो तो बहुतेक वेळा चौकटीच्या तळाशी बसलेला असतो, आणि त्याचे तिथे असणे म्हणजे ‘वॉली आता बरा होतो आहे’ अशी पाटी असते. डोळ्यांत पाणी येण्याची अपेक्षा आमच्याकडून केली जाते, परंतु ते यावे एवढे काही दाखवले जात नाही.

याउलट गॅरी ट्रूडो यांच्या ‘डून्सबरी’ या चित्रमालिकेतला बी. डी. हा सैनिक पाहा. एप्रिल २००४ मध्ये इराकमधील फलुजाजवळ त्याचा पाय जातो आणि कित्येक वर्षे डोक्यावर असलेले शिरस्त्राण त्या कथेत पहिल्यांदा उतरते. त्यानंतर रुग्णालय, कृत्रिम पाय, घरातली चिडचिड, इलायस नावाच्या समुपदेशकासमोरची टाळाटाळ हे सर्व ट्रूडो यांनी वर्षानुवर्षे रेंगाळत दाखवले, आणि त्यात भरपूर विनोद ठेवला. बी. डी. स्वतःच्या पायावर कडवट विनोद करतो आणि आपण त्याच्याबरोबर हसतो. ‘फंकी’च्या या कथेत विनोदाला जागाच ठेवलेली नाही. कथेने दार लावून घेतले की वाचक खिडकीतून विनोद आत टाकतात, आणि रोज वृत्तपत्राच्या विनोदी पानावर छापल्या जाणाऱ्या मालिकेच्या वाचकाने तसे केले तर त्याला दोष देता येत नाही.

रविवारची पुरवणी

धागा मुद्देसूद आहे, आणि म्हणूनच त्याला तितकेच मुद्देसूद उत्तर देणे आवश्यक वाटते. मी पूर्णपणे असहमत आहे.

बडीचे कथानक वाचताना काळ लक्षात घ्यावा लागतो. अपंगत्वाविषयीचा अमेरिकेतील कायदा १९९० चा आहे, परंतु सर्व्हिस डॉग म्हणजे नेमके काय हे स्पष्ट करणारे सुधारित नियम १५ मार्च २०११ पासून लागू झाले. पीटीएसडी असलेल्या व्यक्तीला झटक्याच्या वेळी शांत करण्यासाठी शिकवलेला कुत्रा हाही सर्व्हिस डॉगच, हे त्यांत उघडपणे मान्य झाले. तोवर सामान्य माणसाच्या मनात असा कुत्रा म्हणजे अंध व्यक्तीच्या हातातल्या कड्याला बांधलेला कुत्रा, एवढेच चित्र होते. ज्याचे हातपाय धड आहेत, डोळे शाबूत आहेत, असा तिशीतला पुरुष कुत्रा घेऊन उपाहारगृहात शिरला की दारातच त्याला अडवले जाई. कायद्याने दुकानदाराला फक्त दोन प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवलेले आहे? ओळखपत्र मागता येत नाही, करून दाखवायला सांगता येत नाही, आजार कोणता हे विचारता येत नाही. किती दुकानदारांना हे माहीत होते?

अशा काळात शेकडो वृत्तपत्रांत छापल्या जाणाऱ्या मालिकेत एक धडधाकट दिसणारा माणूस पिझ्झाच्या दुकानात कुत्र्यासह वावरतो आणि तिथे कोणी त्याकडे वळूनही पाहत नाही. धागाकर्त्यांना यात ‘काही घडत नाही’ असे वाटते. माझ्या मते तेच घडवायचे होते. सकाळच्या कॉफीबरोबर जी गोष्ट रोज डोळ्यांखालून जाते, ती हळूहळू नेहमीची होते. वाचकाला ती शिकवावी लागत नाही.

दुसरे असे की, झोपलेल्या बडीवरचा विनोद मला ज्ञानाचा अभाव दाखवणारा वाटतो. भर उपाहारगृहात टेबलाखाली निवांत पडून राहणे हीच सर्व्हिस डॉगची सर्वांत अवघड विद्या आहे. चौकटीच्या तळाशी बसलेला बडी रिकामा बसलेला नाही, तो कामावर आहे.

आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. थट्टेचा रोख कुठे आहे हे लिहिणारा ठरवतो, पण ती कोणाला लागते हे त्याच्या हातात नसते. ज्याला रात्री झोप येत नाही आणि ज्याने खूप धीर एकवटून कुत्र्यासाठी अर्ज केला आहे, असा माजी सैनिक ‘घरटी एक कुत्रा द्यावा’ हे वाक्य वाचतो तेव्हा त्याच्यापर्यंत बॅटिक यांच्या कथनशैलीची समीक्षा पोहोचत नाही. आपली गरज हा हसण्याचा विषय आहे, एवढेच त्याला कळते.

मुठाकाठी

पुण्यात राहून या मालिका मी उशिरा आणि संगणकावर वाचल्या, त्यामुळे माझी नजर थोडी बाहेरची आहे. आमची पिढी १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ वाचत वाढली. तिथे कालच्या दिवसाचे ओझे आजच्या पट्टीवर नसे. चिंटूचे वय वाढत नसे आणि विनोद त्या दिवशीच संपत असे. वयाने वाढणारी, आजारी पडणारी, मरणारी पात्रे रोजच्या पट्टीत पाहण्याची सवयच नसल्यामुळे ‘फंकी’ मला प्रथम विचित्र आणि मग विलक्षण वाटली.

या संदर्भात कॅनडाच्या लिन जॉन्स्टन यांच्या ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’मधल्या फार्ली या कुत्र्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. एप्रिल १९९५ मध्ये फार्ली नदीत पडलेल्या एप्रिल नावाच्या लहान मुलीला वाचवतो आणि त्या श्रमाने मरतो. जॉन्स्टन यांनी ही कल्पना आधी ‘पीनट्स’च्या चार्ल्स शुल्झ यांना सांगितली, तेव्हा शुल्झ भडकले आणि म्हणाले की, असे केलेस तर त्याच दिवशी मी स्नूपीला ट्रकखाली घालीन, म्हणजे तुझ्या फार्लीकडे कोणी पाहणार नाही. मग जॉन्स्टन यांनी तारीख त्यांना न कळवताच फार्लीला निरोप दिला. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला, पुष्कळ पत्रे संतापाची होती. पुढे ऑन्टारियोतील पशुवैद्यकांच्या संघटनेने गरीब पशुपालकांना उपचारखर्चात मदत करणारी संस्था काढली, तिला फार्लीचेच नाव दिले.

शुल्झ यांचा तो विनोद क्रूर होता का? मला तरी तो मोठ्या आदराचा वाटतो. चित्रातल्या कुत्र्याच्या मरणाने हजारो घरे हादरणार हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी ट्रकची धमकी दिली. तेव्हा चित्रातल्या कुत्र्याविषयी विनोद केला म्हणजे त्याला कमी लेखले, हे ‘रविवारची पुरवणी’ यांचे गृहीतक मला मान्य नाही.

लॅब्राडोरची आई

मी कोलंबसजवळ राहते आणि एका संस्थेसाठी पिल्ले वाढवण्याचे स्वयंसेवी काम करते. साधारण आठ आठवड्यांचे पिल्लू घरी येते, वर्ष-सव्वा वर्ष आपल्याकडे राहते आणि मग पुढच्या शिक्षणासाठी संस्थेकडे परत जाते. त्यामुळे वरील दोन्ही बाजू वाचताना मला दोन्हीकडे काहीतरी खटकले.

‘रविवारची पुरवणी’ यांनी टेबलाखालच्या कुत्र्याविषयी जे लिहिले आहे ते अक्षरशः खरे आहे. ती विद्या कशी येते ते सांगते. मॉलमधल्या खाण्याच्या दुकानांच्या मधोमध आम्ही बसतो. पिल्लाच्या दोरीवर माझा पाय असतो, दोरी इतकी ढिली की त्याला आडवे होता यावे आणि इतकी आखूड की उठून पळता येऊ नये. मी मुद्दाम एक बटाट्याची काडी जमिनीवर टाकते. पिल्लाचे नाक थरथरते, लाळ गळते, ते माझ्याकडे पाहते, पुन्हा काडीकडे पाहते. काडीवरची नजर काढून ते माझ्याकडे पाहते त्या क्षणी त्याला माझ्या हातातला खाऊ मिळतो. हे कित्येक आठवडे चालते. शेवटी एक दिवस ते काडीकडे बघून न बघितल्यासारखे करते आणि हनुवटी पंजांवर टेकवून सुस्कारा सोडते. तो सुस्कारा ऐकला की मला कृतकृत्य वाटते. नेमके हेच ‘फंकी’मध्ये पाहायला मला आवडले असते, आणि खरे सांगायचे तर याच्याइतके हसवणारे दुसरे काही नाही. तेव्हा धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा, की या कथेत काम आणि विनोद दोन्ही दाखवण्याची संधी होती, मला पूर्ण मान्य आहे.

कुत्रा कुठून आला यातही केवढी कथा आहे! न्यू यॉर्क परिसरातील तुरुंगांत १९९७ पासून ‘पपीज बिहाइंड बार्स’ या संस्थेचा उपक्रम चालतो. तिथे कैदी कोठडीत पिल्ले वाढवतात आणि त्यांतली अनेक पुढे माजी सैनिकांकडे जातात. स्वतः बंदिवास भोगलेला वॉली आणि बंद्याने वाढवलेला कुत्रा अशी गाठ बॅटिक यांच्यासारख्या लेखकाने घालून दिली असती तर मी ते कात्रण जपून ठेवले असते.

आता खटकलेली गोष्ट. ‘घरटी एक कुत्रा द्यावा’ या विनोदाला माझा आक्षेप आहे, आणि तो भावना दुखावल्याचा नाही. या विनोदामागे अशी समजूत आहे की, कुत्रा म्हणजे दिलासा, आणि ज्याला दुःख आहे त्याला दिलासा मिळायला हवा. हीच समजूत आमच्या कामाच्या मुळावर आली आहे. कोणीही इंटरनेटवरून सर्व्हिस डॉगचे एक जाकीट मागवतो, आपल्या घरच्या कुत्र्याला चढवतो आणि किराणा दुकानात घेऊन जातो. तो कुत्रा भुंकतो, झेपावतो, आणि पुढच्या वेळी खऱ्या सर्व्हिस डॉगकडे दुकानदार संशयाने पाहतो. कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे: केवळ सोबतीने बरे वाटणे हे काम धरले जात नाही, आणि कुत्रा आवरत नसेल तर त्याला बाहेर काढण्याचा अधिकार दुकानदाराला आहे. विमानांत तर हा घोळ इतका वाढला की डिसेंबर २०२० मध्ये परिवहन खात्याला नियम बदलावे लागले आणि नुसत्या भावनिक आधारासाठीचे प्राणी घेणे विमान कंपन्यांवर बंधनकारक राहिले नाही.

एक कुत्रा तयार व्हायला सर्वसाधारणपणे दोन वर्षे जातात, खर्च वीस हजार डॉलरच्या वर जातो, आणि पुष्कळ कुत्री शेवटपर्यंत पोहोचतही नाहीत. एखादे मोठ्या आवाजाला दचकते, एखाद्याचे खुबे कमकुवत निघतात. ज्या विनोदात हे कष्ट गळून जातात, तो विनोद आणि ती मालिका एकच चूक करत आहेत. अ‍ॅक्रनकर, आपण ज्यासाठी बॅटिक यांना बोल लावता, तेच आपल्या वाक्यातही आहे.

समुपदेशक

माझे काम आघातग्रस्तांबरोबर चालते, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. चर्चा कुत्र्याच्या कामाभोवती फिरते आहे, पण वॉलीच्या बरे होण्याचे काय?

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या खात्याने या विषयावर मोठा अभ्यास हाती घेतला होता. तो २०११ च्या सुमारास सुरू झाला, कुत्र्यांच्या तब्येतीच्या आणि चावण्याच्या तक्रारींमुळे मध्ये थांबला, पुन्हा आखला गेला आणि २०२१ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पीटीएसडी असलेल्या दीडशेहून अधिक माजी सैनिकांपैकी काहींना प्रशिक्षित सर्व्हिस डॉग दिले गेले, काहींना भावनिक आधारासाठी चांगल्या वर्तणुकीचे कुत्रे दिले गेले आणि दीड वर्ष पाठपुरावा झाला. दोन्ही गटांतील लोकांना बरे वाटले. सर्व्हिस डॉगच्या गटात पीटीएसडीची लक्षणे थोडी अधिक कमी झाली आणि आत्महत्येचे विचारही कमी आढळले. मात्र रोजच्या जगण्यातल्या अडचणी आणि आयुष्याचा एकंदर दर्जा यांत दोन गटांत फरक दिसला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माजी सैनिकांना कुत्र्यांच्या प्रशिक्षणात सामील करून घेण्याचा पाच वर्षांचा प्रायोगिक कार्यक्रम कायद्याने मंजूर झाला.

हे समजून घेतले तर धागाकर्त्यांची आणि ‘लॅब्राडोरची आई’ यांची मागणी मला थोडी एकांगी वाटते. सर्व काही शिकवलेल्या कामांवर अवलंबून असते, असे हा अभ्यास म्हणत नाही. कुत्र्याला सकाळी बाहेर न्यावे लागते, म्हणून माणूस अंथरुणातून उठतो. वाटेत कोणीतरी कुत्र्याविषयी बोलते, म्हणून माणूस दोन शब्द बोलतो. माझ्यासमोर बसणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत हे दोन शब्द म्हणजे महिन्यांच्या श्रमांचे फळ असते. बडी चौकटीच्या कोपऱ्यात बसलेला आहे आणि वॉली कॉलेजच्या वर्गात बसलेला आहे, एवढे चित्र माझ्या दृष्टीने पुरेसे बोलके आहे.

परंतु बॅटिक यांचे कौतुक मी इथेच थांबवतो. कुत्रा हा उपचारांना जोड म्हणून असतो, त्यांच्या जागी नसतो. बडीच्या निष्ठेपेक्षा वॉलीने समुपदेशकासमोर अडखळत उच्चारलेले एक वाक्य मला अधिक हवे होते, आणि ‘डून्सबरी’ने बी. डी.ला ते दिले. तरीही वाचकांनी त्यावर रोज टवाळी करावी, हे मला पटत नाही. रोज एकाच गोष्टीवर हसण्याची सवय लागली की ती गोष्ट आज काय म्हणते आहे हे पाहणे बंद होते. एखाद्या दिवशी पट्टी खरोखर चांगली असेल तरी विनोद आधीच तयार असतो.

अ‍ॅक्रनकर (धागाकर्ता)

सविस्तर प्रतिसादांबद्दल आभार. माझी बाजू मी सोडत नाही, पण ती अधिक नेमकी करतो.

‘लॅब्राडोरची आई’, आपण जमिनीवर टाकलेल्या काडीचे जे वर्णन केले आहे तेच मला या मालिकेकडून हवे होते, आणि ते वाचून मी मोठ्याने हसलो. त्या हसण्यात पिल्लाविषयी आदरच आहे. ‘रविवारची पुरवणी’ यांना मी एवढेच विचारतो की, हे हसणे आणि माझे हसणे यांत जातीचा फरक आहे का? आपण म्हणता की टेबलाखाली पडलेला बडी कामावर आहे. मान्य. पण ते काम आहे हे वाचकाला कधीतरी एकदा सांगावे लागते. ज्याने पिल्लाची लाळ आणि थरथरणारे नाक पाहिले नाही, त्याला पडलेला कुत्रा पडलेलाच दिसणार. एकदा ते दाखवा, मग शंभर दिवस त्याला नुसता टेबलाखाली झोपवा, आम्ही कौतुकाने पाहू. नेहमीचे करून टाकण्याआधी ओळख करून द्यावी लागते.

समुपदेशकांचा सवयीविषयीचा मुद्दा गंभीर आहे. पण रोज थट्टा करणारे आम्ही वाचक ही मालिका रोज वाचणारेही होतो, हे विसरू नये. बेकीचा हात कोणत्या प्रसंगात गेला, जॉनचे कॉमिक्सचे दुकान कुठे आहे, हे आम्हाला तोंडपाठ होते. एका ओळीची टर उडवण्यासाठी आम्ही वीस वर्षांपूर्वीची पट्टी शोधून काढत असू. अनेक वृत्तपत्रांत ही मालिका लोकांच्या डोळ्यांखालून नुसती निसटून जात असताना तिच्याशी भांडणारे आम्हीच होतो.

आणि माझी सर्वांत मोठी तक्रार तर मी अजून मांडलेलीच नाही. ती बडीच्या वयाची आहे. बडी कथेत आला तो गेल्या दशकाच्या सुरुवातीच्या काळात, आणि मालिका संपली २०२२ च्या अखेरीस. सर्व्हिस डॉग साधारणपणे आठ ते दहा वर्षांचा झाला की त्याला कामातून निवृत्त करतात. ज्या मालिकेचा सगळा अभिमान पात्रे वयाने वाढतात यावर उभा आहे, तिने कुत्र्याच्या म्हातारपणाकडे सर्वांत आधी वळायला हवे होते, कारण कुत्रा माणसापेक्षा लवकर म्हातारा होतो. जिने आपले रात्रीचे रक्षण केले तीच सोबत आता जिना चढताना थांबते, आणि तरीही वॉलीला उद्या दुसऱ्या कुत्र्याची दोरी हातात घ्यायची आहे. यापेक्षा मोठी कथा वॉलीच्या वाट्याला येऊ शकत नव्हती. लिसाच्या आजाराला या मालिकेने जी जागा दिली, तिचा काही अंशही बडीच्या म्हातारपणाला मिळाला नाही. म्हणून आम्ही बडीचे वय मोजत बसलो आणि ‘हा कुत्रा अमर आहे’ असे विनोद केले. त्या विनोदांत दुखावलेल्या वाचकाचा राग होता, आणि तो राग मला आजही रास्त वाटतो.

लॅब्राडोरची आई

निवृत्तीच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. निवृत्त कुत्रा बहुधा त्याच घरात राहतो आणि नवा कुत्रा कामाला निघाला की दारापर्यंत त्याच्यामागे जातो, कारण इतकी वर्षे जाकीट निघाले की ते आपल्यासाठीच, हे त्याला माहीत असते. काही घरांत म्हाताऱ्याची समजूत पटावी म्हणून त्यालाही जुने जाकीट घालून अंगणात एक फेरी मारून आणतात. पट्टीसाठी याहून चांगला आठवडा कोणता?

रविवारची पुरवणी

आपण दोघेही बडी एकच आहे असे धरून चालला आहात, म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. १९२८ साली मॉरिस फ्रँक हा नॅशव्हिलचा अंध तरुण स्वित्झर्लंडमध्ये डोरोथी हॅरिसन युस्टिस यांच्याकडे प्रशिक्षण घेऊन एक जर्मन शेफर्ड कुत्री अमेरिकेत घेऊन आला. न्यू यॉर्कला उतरल्यावर वार्ताहरांच्या आग्रहावरून त्याने तिच्यासोबत वाहनांनी गजबजलेला वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवला आणि युस्टिस यांना एका शब्दाची तार केली: यशस्वी. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन केली, आणि अमेरिकेतील सर्व्हिस डॉगची परंपरा तिथून सुरू झाली. त्या कुत्रीचे मूळ नाव किस असे होते. भर रस्त्यात तिला त्या नावाने हाक मारणे फ्रँकला जड जाई, म्हणून त्याने तिचे नाव बदलून बडी ठेवले. ती गेल्यानंतर त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक कुत्र्याचे नावही त्याने बडीच ठेवले.

वॉलीच्या कुत्र्याचे नाव हे आहे, हा योगायोग असो वा नसो, दशकभर चाललेल्या कथेतला शेवटचा बडी पहिलाच असला पाहिजे असे कुठे लिहिले आहे? आपण वय मोजलेत ते एका कुत्र्याचे समजून. मी ते दोन कुत्र्यांचे समजून वाचले, आणि माझ्या वाचनात टेबलाखाली पडलेला दुसरा बडी पहिल्याइतकाच चोख काम करतो आहे.

अ‍ॅक्रनकर (धागाकर्ता)

ही फोड मला मनापासून आवडली, परंतु तेवढ्याने बॅटिक यांची सुटका होत नाही. दुसरा बडी असेल, तर पहिल्याचा निरोप आम्हाला दिसायला हवा होता. आणि तो दिसला असता, तर शुल्झ यांनी दिली तशी एखादी धमकी मीही बॅटिक यांना आनंदाने दिली असती.